चोविसांतल्या सहा काचा

त्या आठवड्यात माझ्या हाताखालून आठ वाईट पेट्या सुटल्या, आणि आठच्या आसपासच सुटायला हव्या होत्या. हे वाक्य तेव्हा मला धड तोंडाने बोलता आलं नाही. आज लिहिते आहे. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लाजायचं कारण नाही. आणि कुणी वाचलीच तर वाचू दे.

कंदिलाच्या काचा करण्याचा एक लहान कारखाना मळवली स्टेशनच्या पुढे, रुळांच्या कडेला होता. पत्र्याची शेड, एक भट्टी, गरम काचा हळूहळू निववायची एक बंद खोली आणि एक कचेरी, एवढाच. आता तिथे गवत आहे. मी भाजे गावाहून चालत जायची. माझं काम तपासणीचं. काच डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची आणि उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारायची. चांगली काच टणकन वाजते आणि तिचा आवाज थोडा वेळ राहतो. केसाएवढी चीर असली तर आवाज बसका येतो, बाजारात वाईट मडकं वाजवल्यावर येतो तसा. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. मला हे काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. चौथीपर्यंतच्या शाळेतही मी गणितात पहिली आणि तोंडी परीक्षेत शेवटची असायची.

माझ्या शेजारी ठाकरवाडीची एक मावशी बसायची. ती पेटीत भाताचा पेंढा अंथरून काचा भरायची. निववायच्या खोलीतून एका जाळीवर चोवीस काचा यायच्या, त्या एका पेटीत जायच्या. मावशी त्या पेंढ्यात कशाही खुपसायची, जाळीवर कुठली कुठे होती याचा पत्ता राहत नसे. मग पेटी माझ्यापुढे यायची. पहिल्या वर्षी मी चोवीसच्या चोवीस वाजवायची.

मग नवे साहेब आले. शिकलेले होते, सोबत एक जाड पुस्तक होतं. त्यांनी सांगितलं की यापुढे पेटीतून कुठल्याही सहा काढायच्या. साही चांगल्या वाजल्या तर पेटीवर माझा शिक्का मारायचा, 'तपासले' असा. एकही बसकी वाजली तर मात्र सगळी पेटी उपसून चोवीसही वाजवायच्या.

"आन् ऱ्हायलेल्या अठरा?" मावशीने विचारलं. ती कुणालाही काहीही विचारायची.

"सहा चांगल्या म्हणजे बाकीच्याही चांगल्या, असं धरायचं."

"शितावरनं भाताची परीक्षा म्हना की."

"अगदी तसंच," साहेब खूश होऊन म्हणाले.

ते गेल्यावर मावशी माझ्याकडे वळली. "भात एका पान्यात शिजतो गं. ह्या काचा काय एका पान्यात शिजल्या व्हय?"

मी मान खाली घालून हसले. मलाही तेच वाटत होतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी सहा वाजवून शिक्का मारू लागले.

त्या श्रावणात आमच्या बाजूला दहा-दहा दिवस ऊन दिसलं नाही. निववायच्या खोलीचं दार ओलीने फुगलं आणि खालून नीट बसेना. त्या फटीतून गार वारा आत शिरायचा आणि दर जाळीवरच्या दाराकडच्या तीन काचांना लागायचा. गरम काचेला वारा लागला की ती आतून चिरते. हे कारण सगळ्यांना नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की ज्या पेटीत एक बसकी सापडते ती उपसली की बरोबर तीन सापडतात. तिसऱ्या दिवशी मी कचेरीच्या दारात उभी राहून कारकुनांना म्हटलं, "दर पेटीत तीनच निघतायत." ते म्हणाले, "बरं." मी परत येऊन बसले. माझी काही चूक असेल तर ती ही. मी ते मोठ्याने आणि दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं.

त्या आठवड्यात माझ्यापुढे वीस पेट्या आल्या. बारा मी अडवल्या. आठ पेट्यांतल्या सहाच्या सहा काचा चांगल्या वाजल्या, त्यांवर मी शिक्का मारला आणि त्या रेल्वेने पुण्याच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. त्याने तिथे सगळ्या काचा वाजवल्या आणि आठही पेट्या परत पाठवल्या. प्रत्येकीत तीन चिरलेल्या. म्हणजे वीसच्या वीस पेट्यांत तीन-तीन वाईट होत्या, हे आता सगळ्यांना कळलं. दार दुरुस्त झालं. राहिली मी.

शनिवारी मला कचेरीत बोलावलं. साहेब खुर्चीत होते आणि कारकून उभे. या कारकुनांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, कारण आधी ते तलाठ्याच्या हाताखाली होते आणि तिथला मान त्यांनी इथेही आणला होता. त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला. वर मजकूर होता: मी वीसपैकी चार पेट्यांतील काचा न वाजवता शिक्का मारला, ही माझी चूक मला मान्य आहे. खाली माझ्या सहीसाठी रेघ. मधे आकडे.

"चार पेट्या तुम्ही तपासल्याच न्हाईत, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "हे मी म्हनत न्हाई, गनित म्हनतंय. सहा काचा खरंच वाजवल्या तर असली पेटी सुटायचा संभव सोळा आन्यात तीन आने. वीस पेट्यांत तीन न्हाईतर चार सुटतील. तुमच्या आठ सुटल्या. वरच्या चार कुटनं आल्या?"

"मी वाजवल्या," मी म्हणाले. एवढंच निघालं.

"सोमवारपर्यंत सही करून आणा," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सही केलीत तर तुम्हाला पेटी भरायच्या कामावर ठेवू. नाही केलीत तर ठेवता येणार नाही."

कागद घेऊन मी बाहेर आले. मावशीने विचारलं, "काय म्हनत्यात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "कर सही. माज्यापाशी बस. पेंढा काय वाईट हाय व्हय?" तिने ते मायेने म्हटलं होतं. पण रुळांच्या कडेने घरी जाताना मला एकच दिसत होतं. मी सही केली की मी खोटारडी ठरणार, तेही माझ्याच अक्षरात. गावात माझ्या वयाच्या बऱ्याच बायका अंगठा उठवायच्या. मला सही येत होती. ती पहिल्यांदा कारखान्यात कामी यायची होती, ती यासाठी?

रविवारी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर मी मूठभर चिंचोके घेतले आणि त्यांतले चोवीस मोजले. तीन फोडून पांढरे केले, पण फोडलेला चिंचोका बोटाला कळतो. म्हणून ते टाकले, तीन नवे घेतले आणि त्यांना चुन्याचा बारीक ठिपका लावला. सगळे पिशवीत घालून हलवले. डोळे मिटून सहा काढायचे, ठिपक्याचा एकही आला नाही तर भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. काढलेले परत टाकायचे, हलवायचे, पुन्हा सहा. वीस पेट्या म्हणून वीस वेळा.

सासूबाई ओसरीवर सुपारी कातरत होत्या. "नातवंडं खेळायची, तर सूनच खेळतीया," त्या म्हणाल्या.

"खेळत न्हाई, आत्याबाई."

"मंग काय, चिंचोक्याची तपासनी?"

पहिल्या विसांत सात रेघा आल्या. दुसऱ्या विसांत दहा. आत्याबाई अडकित्ता ठेवून जवळ आल्या. "तू बघून काढतीस. आन हिकडं." त्यांनी डोळे गच्च मिटले आणि पिशवीत हात घातला. त्यांनी काढलेल्या विसांत आठ आल्या. त्यांना काय चाललंय ते मी तेव्हा कुठे सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या रेघा बोटाने मोजल्या. "म्हंजी म्या आठ येळा चोरी केली म्हन की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपारीला लागल्या.

चार रेघाही कधीतरी आल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पिशवी कुणाचं ऐकत नाही. पण तिन्ही वेळा चारापेक्षा इतक्या जास्त? कुठेतरी भाऊसाहेबांचा आकडाच लहान होता. मी कागद पुढ्यात घेतला.

त्यांनी सहा ओळी मांडल्या होत्या. पहिली काच काढताना पेटीत चोवीस, त्यांतल्या चांगल्या एकवीस. ती चांगली निघून बाजूला ठेवली की उरल्या तेवीस, त्यांतल्या चांगल्या वीस. मग बाविसांत एकोणीस, एकविसांत अठरा, विसांत सतरा, एकोणिसांत सोळा. साही वेळा हाताला चांगलीच लागली तर पेटी सुटते. म्हणून हे सहा भाग एकमेकांनी गुणायचे, निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव होतं तसं. ही मांडणी साहेबांच्या पुस्तकातली असणार, आणि ती बरोबर होती. ती कबूल करायला मला जड गेलं नाही.

पण पुढचं काम भाऊसाहेबांच्या सवयीचं होतं. तलाठ्याच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षं पिकाची आणेवारी लिहिली होती. पीक पुरं आलं तर सोळा आणे, निम्मं आलं तर आठ; त्यावर शेतसाऱ्याची सूट ठरायची. नवे पैसे चालू झाले होते, तरी मापाला सगळ्यांच्या तोंडी आणेच होते. आणेवारीत पै, म्हणजे आण्याचा बारावा भाग, धरत नाहीत. बांधावर उभं राहून पीक बघायचं आणि पुरता आणा सांगायचा. भाऊसाहेबांनी इथेही तेच केलं होतं. चोविसांत एकवीस म्हणजे चौदा आणे, ते बरोबर. तेविसांत वीस म्हणजे तेरा आणे आणि अकराला किंचित कमी पै. त्यांनी तेरा धरले. पुढच्या चारही ओळींना तेरा. आणि दर गुणाकारानंतर पुन्हा वरच्या पै सोडल्या होत्या. चौदा, मग अकरा, मग आठ, सहा, चार, तीन. पायऱ्या उतरल्यासारखे आकडे खाली आले होते. एकेका पायरीला सोडलं ते थोडंच. पण एकदा कमी झालेल्याचं पुन्हा कमी होत होतं, आणि शेवटी निम्म्याहून जास्त संभव वाटेतच सांडला होता.

आणे नकोतच, मला वाटलं. कशाला भागायचं आधी? चौथीत बाईंनी शिकवलं होतं की आधी काट मारा, गुणाकार नंतर. मी कागद उलटा केला. वर लिहिलं एकवीस, वीस, एकोणीस, अठरा, सतरा, सोळा. खाली लिहिलं चोवीस, तेवीस, बावीस, एकवीस, वीस, एकोणीस. आणि मला हसू आलं. वरचे एकवीस, वीस, एकोणीस खालीही होते. तीन काटा वर, तीन खाली. सहा ओळींतल्या तीनच उरल्या. अठरा आणि चोवीस सहाने कापले, तीन आणि चार. चाराने सोळा कापले, चार. वर उरलं तीन, सतरा, चार, म्हणजे दोनशे चार. खाली तेवीस आणि बावीस, म्हणजे पाचशे सहा. दोन्ही निम्मे केले. एकशे दोन छेद दोनशे त्रेपन्न.

कुठे काही सोडलं नाही. आण्यांतच हवं असेल तर सहा आणे पाच पै आणि वर थोडं. वीस पेट्यांना गुणलं तर आठ, आणि बाकी सोळा छेद दोनशे त्रेपन्न. मी ते तीनदा तपासलं. आठ.

सोमवारी मी कचेरीत गेले आणि कागद साहेबांपुढे ठेवला, उलट्या बाजूने. साहेबांनी वाचलं. भाऊसाहेब वाकून पाहत होते.

"सही कुटंय?" त्यांनी विचारलं.

मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं अकरा पै सोडल्यात तुमी."

"आनेवारीत पै धरत न्हाईत, बाई. निम्म्या मावळाची आनेवारी लिवलीय मी."

तेव्हा कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं. "पिकाचं सोडलेलं शेतकऱ्याच्या कणगीत जातं, भाऊसाहेब. हितलं सोडलेलं माज्या नावावर आलं."

साहेबांनी पुस्तक उघडलं. त्यात शिवाय एक मोठी रीतही होती, एकापासून चोवीसपर्यंत सगळे आकडे एकमेकांनी गुणायचे आणि मग भागायचं. "पुस्तकाप्रमाणे पूर्ण करा," ते म्हणाले. कचेरीत दांडा फिरवून गुणाकार करायचं एक यंत्र होतं, आकडे दिसायला त्याला बारा घरं. भाऊसाहेब दांडा फिरवू लागले. दहा झाले, बारा झाले, चौदा झाले. पंधराने गुणताना यंत्राची घंटा वाजली.

"घरं संपली, साहेब. आकडा मावत न्हाई."

मावशी पेंढ्याचा भारा घेऊन दारातून चालली होती. "यंतर दमलं वाटतं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

साहेबांनी माझी काटाकाटी ओळीने वाचली. मग त्यांनी स्वतः यंत्र पुढे ओढलं आणि एकशे दोनला दोनशे त्रेपन्नने भागलं. बारा घरांच्या यंत्राला ते अगदीच सोपं होतं. शंभरात चाळीस आणि वर थोडं. वीसपैकी आठ. त्यांनी पुन्हा भागलं, तेच आलं.

"हं," ते म्हणाले. "ठीक आहे. कामावर जा." आणि कागद फाडायला घेतला.

"फाडू नका," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. तो फाडला असता तर उद्या गावात, स्टेशनवर, कुठेही एवढंच राहिलं असतं की हिला एकदा कचेरीत बोलावलं होतं. "वरचं खोडा. आन् खाली तुमची सही करा. माज्या सहीच्या जागी."

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, लय झालं आता."

मी हलले नाही. मला बोलता येत नाही, पण उभं राहता येतं. भाताच्या खाचरात कमरेत वाकून दिवस काढलेल्या बाईला कचेरीत ताठ उभं राहणं अवघड नाही. बाहेरून एक गाडी गेली, पत्रे हलले, थांबले. साहेबांनी कागद सुलट केला, टाक उचलला, वरच्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. चुकलो असं ते म्हणाले नाहीत, आणि मी त्याची वाटही पाहिली नाही. तो कागद माझ्या पेटीत लुगड्यांखाली आहे.

मी माझ्या जागी येऊन बसले. मावशीने पहिली पेटी सरकवली. मी सहा काढल्या, वाजवल्या. साही चांगल्या. शिक्का हातात घेतला आणि खाली ठेवला. मागच्या आठवड्यात मी खोटं केलं नव्हतं हे खरं, पण त्या आठ पेट्यांवरचा 'तपासले' हा शब्द खोटाच होता. तो माझ्या हाताने पडला होता. मी खडू घेतला आणि पेटीच्या फळीवर लिहिलं: चोविसांतल्या सहा वाजवल्या.

भाऊसाहेब फेरीला आले. "हे काय आता?"

"जे केलं ते."

"व्यापारी इचारंल, बाकीच्या अठरांचं काय."

"इचारू दे."

ते साहेबांना सांगायला गेले. मावशीने त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग फळीवरच्या अक्षरांकडे. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"आन् त्या अठरा कोन वाजवनार?" ती म्हणाली. "तुजी सासू?"

मी पेंढ्यात हात घातला, सातवी काच काढली आणि वाजवली.